एकशे त्रेसष्ट मुलींचे फोटो आणि मी

मित्रांनो, माझ्या डाव्या कोपऱ्याला तडा गेला आहे, पाठीवर हळदीचा न निघणारा डाग आहे आणि दुपारचे चार वाजले की मला चार्जरचा आधार लागतो. एवढ्यावरून तुम्ही ओळखलेच असेल की माझे वय झाले आहे. मी एक फोन आहे. बंगळुरात जे. पी. नगरला राहणाऱ्या सोयराबाईंच्या हातात माझी सहा वर्षे गेली. आता कुणी लांबलचक व्हिडिओ पाठवला की माझे अंग तापते आणि दोन कामे एकदम सांगितली की मी मध्येच थांबतो. तरी एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला कायमचे बंद पडायचे नाही. ती माझ्या कौतुकाची गोष्ट नाही. तिच्यात माझा हात लागलेली एक चूक आहे आणि तिची मला अजून लाज वाटते.

माझा जन्म शहराबाहेरच्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुली रांगेत बसून काम करत होत्या. एकीने माझ्यावर काच बसवली, दुसरीने स्क्रू पिळले, तिसरीने मला चालू करून बघितले आणि लगेच बंद केले. माझे जगातले पहिले दर्शन ते एवढेच. पुढे जयनगरच्या एका दुकानातून रणवीरने मला विकत घेतले. रणवीर म्हणजे सोयराबाईंचा मुलगा, हेब्बाळच्या एका कंपनीत नोकरीला. अकरा महिन्यांनी त्याला माझ्याहून चांगला कॅमेरा असलेला फोन आवडला आणि मी त्याच्या आईकडे आलो. नवे ते मुलाला आणि मुलाने टाकलेले ते आईला, ही रीत तुमच्याही घरी असेल. तेव्हा मी हिरमुसलो होतो. पण खरे काम मला तिथेच मिळाले.

सोयराबाई लग्ने जुळवतात. त्यांचे घराणे बंगळुरात तीनशे वर्षांहून जुने. अशी जुनी मराठा घरे या शहरात कुठे कुठे विखुरलेली आहेत. त्यांची रस्त्यावरची भाषा कानडी, नोकरीतली इंग्रजी आणि उंबऱ्याच्या आत मराठी, तीही कानडीचा हात धरून चालणारी. अशा घरांनी आपल्यातले स्थळ शोधायचे तर कुणाला विचारायचे? सोयराबाईंना. सगळे त्यांना अक्का म्हणतात, अगदी त्यांच्याहून मोठी माणसेसुद्धा. लग्न जमले तर त्या फक्त एक नारळ आणि एक खण घेतात. घरी खणांचे एक कपाट भरले आहे आणि त्याचे पुढे काय करायचे, हे रणवीरच्या बायकोला अजून सुचलेले नाही.

कामाची पद्धत ठरलेली होती. मुलीचे वडील किंवा आजोबा फोटो आणि पत्रिका घेऊन घरी येत. सोयराबाई ते कागद खिडकीजवळच्या टेबलावर पसरत, कोपऱ्यांवर डाळीच्या वाट्या ठेवत आणि दोन्ही हातांची कोपरे टेबलावर रोवून माझ्याकडून त्यांचे चित्र काढून घेत. मग ते सगळे त्यांच्या ईमेलच्या खात्यात जपून ठेवले जाई. एका कप्प्यात मुले, एका कप्प्यात मुली. जातीचे, गावचे, भिशीचे असे किती तरी गट माझ्यात होते, पण त्यांनी कुठल्याही गटात मुलीचा फोटो कधी टाकला नाही. “मुलीचा फोटो म्हणजे दुसऱ्याची जोखीम,” असे त्या म्हणत. नातीच्या स्थळासाठी घरी येणारे प्रतापराव माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “हा फोन नव्हे अक्का, हे तुमचं ऑफिस.” तेव्हा मला बरे वाटे. एकेचाळीस लग्ने माझ्या अंगावरून गेली. उतावळे नवरे मी इतके पाहिले आहेत की ‘मुलीकडून काही कळलं का’ हा प्रश्न मला आता पाठ आहे.

थकवा हळूहळू येतो, मित्रांनो. आधी बॅटरी लवकर उतरायला लागली, मग आवाज घोगरा झाला. एकदा मी इडलीच्या पिठात पडलो आणि दोन दिवस तांदळाच्या डब्यात पडून राहिलो. रणवीर अधूनमधून म्हणे, “आई, हा दे आता एक्स्चेंजला.” सोयराबाई म्हणत, “चालतोय की अजून.” चालत होतो, एवढेच माझे भाग्य होते.

आता त्या बुधवारचे सांगतो.

सकाळचे अकरा वाजले होते. सोयराबाई रागीचे पीठ मळत होत्या. तेवढ्यात दिव्यश्रीचा निरोप आला. दिव्यश्री ही त्यांची जयनगरची भाची. निरोप असा होता: “अक्का, चुकून तुमचा नंबर घातले मी. तुम्हाला सहा आकडी नंबर आला असेल. स्वल्प पाठवा की. अर्जंट आहे.”

त्या पाठोपाठ मी खरोखरच एक सहा आकडी क्रमांक घेऊन आलो. त्याच्याखाली इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते की हा कुणालाही सांगू नका. मी तो नेहमीसारखा घंटी वाजवून दाखवला. मला त्यापेक्षा जास्त काही करता येत नाही. निरोप आणायचा एवढेच माझे काम, तो कशासाठी आला हे विचारायची मला मुभा नाही. पण आणला मीच, हे खरे आहे.

सोयराबाई काही भोळ्या नाहीत. बँकेचा माणूस म्हणून कुणी हिंदीत बोलू लागला की त्या त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करतात आणि तो बिचारा स्वतःच फोन ठेवतो. पण हा निरोप त्यांच्या घरच्या भाषेत होता. ‘स्वल्प पाठवा की’, म्हणजे ‘जरा पाठवा ना’, असे लिहिणारी माणसे या एवढ्या मोठ्या शहरात मोजकी. बंगळुरात कुणी आपल्यासारखे मराठी बोलले की सोयराबाई आडनाव विचारण्याआधी त्याला बसायला देतात. त्यांच्यासाठी ती बोली हेच ओळखपत्र होते. त्यांनी पिठाची बोटे पदराला पुसली, करंगळीने सहा आकडे लिहून पाठवले आणि पुढे ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, असेही लिहिले.

दिव्यश्रीचे खाते आदल्याच दिवशी चोराच्या हाती गेले होते. त्याने तिचे जुने निरोप वाचून तिची भाषा उचलली होती. हे आम्हाला नंतर कळले.

तो क्रमांक म्हणजे सोयराबाईंच्या ईमेल खात्याची किल्ली होती. चोराने ती फिरवली, आत गेला, पासवर्ड बदलला आणि सोयराबाईंचा नंबर काढून स्वतःचा घातला. त्या खात्याला दुसरे कुलूप नव्हतेच. पाचव्या मिनिटाला माझ्या पडद्यावर ‘पुन्हा प्रवेश करा’ असे आले. सोयराबाई म्हणाल्या, “नेट गेलंय बहुतेक.” आणि त्यांनी मला उपडा ठेवून दिला.

गुरुवारी दुपारी प्रतापरावांचा फोन आला. त्यांची नात आश्लेषा हिचे स्थळ सोयराबाईंकडे होते.

“अक्का, तुमची मेल आली. आधारची कॉपी पाठवून दिलो, अजून चार फोटो बी दिलो. पण मुलगा कुठला, ते काही लिहिलाच नाही की तुम्ही.”

“मी कुठं मेल केली, अण्णा?”

“असं काय करताय? तुमच्याच नावानं आहे. मुलाकडच्यांना पसंत आहे म्हणून लिहिलाय.”

सोयराबाई खुर्चीवर बसल्या. एकशे त्रेसष्ट मुली. त्यांचे फोटो, जन्मवेळा, घरचे पत्ते, कुठे नोकरी करतात ते, वडिलांचे नंबर. हे सगळे आता एका अनोळखी माणसापुढे उघडे होते आणि तो सोयराबाईंच्या नावाने आणखी मागत होता. त्यांचे स्वतःचे काहीच गेले नव्हते. जे गेले ते सगळे दुसऱ्यांनी विश्वासाने ठेवायला दिलेले होते.

रणवीरने संध्याकाळी ऐकले आणि डोक्याला हात लावला. “आधी खातं परत मिळू दे आई, मग सगळ्यांना सांगू. उगीच गोंधळ नको.” सोयराबाईंनी मान हलवली. त्यांना शरम वाटत होती, आणि शरम वाटणाऱ्या माणसाला थांबायला सांगितले की ते पटकन पटते. शुक्रवारी रणवीरने पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. मग आपल्या हेब्बाळच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवरून त्याने खाते सोडवायचा पाच वेळा प्रयत्न केला. पाचही वेळा एकच उत्तर आले, ‘हे खाते तुमचेच आहे याची आमची खात्री पटत नाही.’ शनिवारी त्याने आईसाठी नवा फोन आणला, सिमकार्ड त्यात घातले आणि त्यावरून प्रयत्न केला. तेच उत्तर.

“सगळं या डबड्यामुळे झालं,” तो माझ्याकडे बघून म्हणाला. “व्हायरस असणार यात. हात लावू नकोस आता याला.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, असे तुम्ही मराठीच्या पुस्तकात वाचले असेल. मी तेव्हा ते अंगावर घेतले. माझ्यात व्हायरस नव्हता, फक्त म्हातारपण होते. पण मला बोलता येत नाही, आणि खरे सांगायचे तर बोलायची ताकदही उरली नव्हती. मला वाटले, झाले ते पुरे झाले. पुसून टाका आणि सोडा एकदाचे.

रविवारी सकाळी अकराला एक्स्चेंजवाला येणार होता. रणवीर मला घेऊन टेबलाशी बसला. त्याने एकामागून एक बटणे दाबली आणि माझ्या पडद्यावर शेवटचा प्रश्न आला, ‘सगळे पुसून टाकायचे का?’ त्याचा अंगठा वर उचललेला होता. तेवढ्यात दारावरची घंटी वाजली.

प्रतापराव आले होते आणि त्यांच्याबरोबर आश्लेषा होती. सत्तावीस वर्षांची, चष्मा लावणारी, तीही हेब्बाळकडेच कुठल्याशा कंपनीत काम करणारी. तुमच्या मनात जे आले ते काढून टाका, रणवीरचे लग्न कधीच झाले आहे. ती आत आली, पण बसली नाही.

“अक्का, काल माझ्या मैत्रिणीनं मला हे दाखवलं,” ती म्हणाली आणि तिने आपला फोन पुढे केला. त्यावर कुठल्याशा साइटवरचा तिचाच फोटो होता. नाव दुसरेच, वय दुसरे, गाव दुसरे. अनोळखी पुरुषांनी खाली काय काय लिहिले होते. सोयराबाईंनी ते वाचले नाही.

“बुधवारी झालं ना हे? आज रविवार. चार दिवस तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?”

“खातं मिळाल्यावर सांगणार होतो,” रणवीर म्हणाला.

“आणि तोवर बाकीच्यांनी आधार पाठवत राहायचं?”

आणखी दोन घरांनी त्या चार दिवसांत कागद पाठवले होते, हे नंतर समजले. मग आश्लेषाची नजर रणवीरच्या हाताकडे गेली.

“हा त्यांचा जुना फोन? पुसताय?”

“व्हायरस आहे यात.”

“थांबा. पुसू नका. खातं कुठून सोडवायचा ट्राय केलात तुम्ही?”

“ऑफिसमधून. आणि नव्या फोनवरून.”

“म्हणजे खात्याला तुम्ही पण चोरच वाटणार की. सहा वर्षं अक्का याच फोनवरून, याच घरातून आत जातायत. खातं ओळखतं ते याला. याच्यावरून केलाच नाहीत?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे प्रतापराव पुटपुटले. रणवीरचा चेहरा पडला. त्याने ‘नको’ या शब्दावर बोट ठेवले आणि मी वाचलो. आनंद वाटला का, असे तुम्ही विचाराल. मला फक्त दमल्यासारखे वाटले. सुट्टी मिळाली म्हणून चपला घालाव्यात आणि मागून हाक यावी, तसे.

आश्लेषाने आधी खात्याला हात लावला नाही. “पहिलं काम, सगळ्यांना कळवा,” ती म्हणाली. नंबर माझ्यातच होते. सिमकार्ड परत माझ्यात आले, चार्जर लावला, आणि सोयराबाईंनी एकेका घराला फोन करायला सुरुवात केली. “मी सोयराबाई बोलते. माझं मेलचं खातं चोरीला गेलंय. माझ्या नावानं काही आलं तर उत्तर देऊ नका. तुमच्या मुलीचा फोटो त्यात होता. चूक माझी आहे.” हे त्यांनी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून दीडशेहून जास्त वेळा म्हटले. कुणी धीर दिला, कुणी मध्येच फोन ठेवून दिला. एक गृहस्थ म्हणाले, “तुम्हाला जमत नाही तर करता कशाला हा उद्योग?” त्यांनाही त्यांनी “चूक माझी आहे” असेच सांगितले. माझी पाठ तव्यासारखी तापली होती, पण त्या दोन दिवसांत मी एकही फोन तोडला नाही.

खाते सोडवायचे काम मधल्या वेळात झाले. सोयराबाई खिडकीजवळच्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या. घरचेच वायफाय, तीच जागा, तोच मी. पडद्याने विचारले, ‘आठवणारा शेवटचा पासवर्ड?’

“आठवत नाही ग बाई,” त्या म्हणाल्या.

“आठवू नका. नुसतं टाइप करा. रोज करता तसं.”

त्यांनी डोळे मिटले. बोटांना माहीत होता. कुलदेवीचे नाव आणि घराचा नंबर. आश्लेषाने ते बघून कपाळावर हात मारला, कारण तिच्या आजोबांचाही जवळजवळ हाच होता. आमच्या लोकांच्या निम्म्या कुलपांना ही एकच किल्ली लागते. मग जुन्या नंबरवर एक क्रमांक मागवला. चोराने नंबर बदलला असला तरी आठवडाभर जुना नंबरही चालतो, आणि त्या आठवड्यातले चार दिवस आम्ही वाया घालवले होते. पुन्हा एकदा मी सहा आकडे घेऊन आलो. या वेळी ते कुणाला पाठवायचे नव्हते. शेवटी उत्तर कुठे कळवायचे ते विचारले, तिथे आश्लेषाने आपला ईमेलचा पत्ता दिला. उत्तराला दोन दिवस लागतील असे पडद्यावर आले.

ते दोन दिवस सोयराबाई नीट जेवल्या नाहीत. दर तासाला त्या मला उचलत, बघत आणि ठेवत. मंगळवारी संध्याकाळी आश्लेषा ऑफिसातून थेट आमच्या घरी आली. उत्तर आले होते. तिने दिलेल्या दुव्यावरून सोयराबाईंनी माझ्यावर नवा पासवर्ड लिहिला, चार न जुळणाऱ्या शब्दांचा, आणि सहा दिवसांनी ते खाते माझ्यावर उघडले.

मी समजलो, संपले. पण घर परत मिळाले तरी चोर आत कुठे लपला नाही ना, हे बघावे लागते. आश्लेषाने खात्यात आणखी कोण कोण बसले आहे त्याची यादी काढली. माझ्या नावाखाली एक अनोळखी नाव होते, त्याला बाहेर काढले. त्याचा नंबर पुसून सोयराबाईंचा घातला. मग तिने एक बारीक गोष्ट शोधली. खात्यात येणारी प्रत्येक मेल गुपचूप एका दुसऱ्या पत्त्यावर जावी, अशी सोय चोराने करून ठेवली होती. ती राहिली असती तर नुसता पासवर्ड बदलून काहीच उपयोग नव्हता. तीही काढली. नंतर दुसरे कुलूप लावले, म्हणजे पासवर्ड कळला तरी माझ्यावर विचारल्याशिवाय आत कुणाला येता येणार नाही. मी हरवलो तर उपयोगी पडावेत असे दहा आकडे सोयराबाईंनी स्वतःच्या हाताने कागदावर उतरवले. तो कागद कुठे आहे ते मी तुम्हाला सांगणार नाही.

एवढे झाल्यावर सोयराबाईंनी मुलींचा कप्पा उघडला. एकशे त्रेसष्ट चेहरे जागच्या जागी होते. चोर काही नेत नाही, त्याची नक्कल करून नेतो, म्हणून सगळे जसेच्या तसे दिसते. त्यांनी आश्लेषाचा फोटो शोधला.

“हा काढून टाकते, बाळ.”

“द्या, मी काढते.” तिने मला हातात घेतले, स्वतःचा फोटो काढून टाकला, मग कचऱ्याच्या डब्यात जाऊन तिथूनही काढला.

“माफ कर मला,” सोयराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज माझ्यासारखाच घोगरा झाला होता. “त्या मेल्यानं तुला न विचारता तुझा फोटो कुठं कुठं फिरवला.”

आश्लेषा थोडा वेळ माझ्या तड्यावरून अंगठा फिरवत बसली.

“त्यानं विचारलं नाही, अक्का. पण तुम्ही तरी कुठं विचारलंत? हा माझ्या मामेबहिणीच्या लग्नातला फोटो. आजोबांनी दिला, तुम्ही घेतला. तो तुमच्याकडून किती घरी गेला, मला ठाऊक नाही. असा काही फोटो तुमच्याकडे आहे, हेच मला गुरुवारी कळलं.” मग ती म्हणाली, “रागावले नाही मी. दमले फक्त.”

ती निघून गेल्यावर सोयराबाईंनी मला खिडकीशी नेऊन तो कप्पा पुन्हा उघडला. दुसऱ्याची जोखीम म्हणून त्यांनी ते फोटो सहा वर्षे जपले होते. पण ती जोखीम कुणाची, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. त्या ती वडिलांची समजत होत्या. मलाही तो प्रश्न कधी पडला नव्हता. मी तर प्रत्येक मुलीच्या चेहऱ्याभोवती चौकोन काढून देत होतो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुन्हा फोन सुरू केले. सुरुवात प्रतापरावांपासून नव्हे, पुढच्या घरापासून.

“तुमच्या मुलीचा नंबर द्या.”

“कशाला अक्का? मी सांगतो की तिला.”

“नको अण्णा. तिचाच द्या.”

काहींनी कुरकुर केली, काहींनी दोनदा मागितल्यावर दिला. मग त्या मुलीला फोन जाई. “मी सोयराबाई. तुझा फोटो नि पत्रिका माझ्याकडे आहे. ठेवू का काढू?” चौघींची लग्ने होऊन गेली होती, एकीच्या कडेवर रडणारे मूल होते. एकीने हसून सांगितले, “ठेवा अक्का, पण तो चष्म्याशिवायचा नको, चष्म्याचा देते.” पुष्कळ जणी ‘काढा’ म्हणाल्या. धनलक्ष्मी नावाची एक मुलगी रडली, कारण तिचे लग्न ठरवायचे चालले आहे हेच तिला माहीत नव्हते. प्रत्येक ‘काढा’ ऐकल्यावर सोयराबाई लगेच काढतात, तिला फोनवर धरूनच. कप्पा निम्म्याहून जास्त रिकामा झाला आहे. गेलेले फोटो मात्र परत येत नाहीत. ते कुठे आहेत, किती हातांत आहेत, हे कुणालाच माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. ते मनाला लागून राहिले आहे.

मित्रांनो, मी थकलो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. मी आणलेले सहा आकडे कुणाला देऊ नका, मग तो तुमच्या आजीच्या बोलीत का बोलेना. आधी त्या माणसाला फोन करून त्याचा आवाज ऐका. चूक झालीच तर लपवून बसू नका, त्याच दिवशी सगळ्यांना सांगा. माझ्यासारखा म्हातारा फोन रागाच्या भरात पुसू नका, आणि पुसायचा झाला तर काही मागे न ठेवता पुसा. आणि कुणाचाही फोटो पुढे पाठवण्याआधी, मग तो बहिणीचा असो की वर्गातल्या मैत्रिणीचा, ज्याचा चेहरा आहे त्याला विचारा.

काल दुपारी एकशे चोविसावा फोन झाला. मुलीचे नाव शिवलीला. सोयराबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. पलीकडे रिक्षाचे भोंगे वाजत होते.

“अक्का, आत्ता लगेच सांगू का?” ती म्हणाली. “मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. जरा विचार करून सांगते.”

“सरी,” सोयराबाई म्हणाल्या. “तू सांगेपर्यंत मी कुणाला दाखवत नाही.”

तिचा फोटो माझ्या पडद्यावर उघडाच होता. सोयराबाईंनी बाजूचे बटण दाबले, आणि मी अंधार केला.